‘खरीप’ आणि ‘रब्बी’ : पेरणीची नावे की काढणीची?

राजस्थानातील शेतकरी ‘सियाळू’ पिकांविषयी बोलू लागला, तर त्याला बाजरी, मूग, मटकी, गवार ही पिके अभिप्रेत असतात. गुजरातेत हाच शब्द ‘शियाळू पाक’ या रूपात आढळतो आणि तेथे त्याचा अर्थ गहू, जिरे, मोहरी, हरभरा असा होतो. दोन्ही शब्दांचे मूळ एकच, संस्कृत ‘शीतकाल’. दोन्हींचा शब्दार्थ ‘हिवाळी’. तरीही एका राज्यातील सियाळू म्हणजे खरीप आणि शेजारच्या राज्यातील शियाळू म्हणजे रब्बी. याचे कारण सोपे आहे. राजस्थानी शेतकरी थंडीच्या सुरुवातीस जे घरात येते त्याला सियाळू म्हणतो. गुजराती शेतकरी थंडीत जे शेतात उभे असते त्याला शियाळू म्हणतो. ‘उनाळू’ या शब्दाचेही तसेच. राजस्थानात आणि माळव्यात उनाळू म्हणजे ऊन तापू लागताना खळ्यावर येणारा गहू व हरभरा; गुजरातेत उनाळू म्हणजे जानेवारीनंतर ओलिताखाली घेतलेले तीळ, मूग, बाजरी. इंदूर, देवास, उज्जैन या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी शेतकऱ्यांच्या कानांवर माळवी अर्थ पडत असतो आणि वाचनात मात्र मराठी ‘उन्हाळी’ येत असते. त्यांच्या हाती पडणाऱ्या पत्रकात ‘उन्हाळी पिकांचे व्यवस्थापन’ एवढेच छापलेले असेल, तर त्यातून कोणता बोध घ्यावा, हा प्रश्न केवळ भाषेचा राहत नाही.

पिकाला नाव पेरणीवरून द्यावे की काढणीवरून, हा पेच ‘खरीप’ आणि ‘रब्बी’ या सर्वपरिचित शब्दांच्या मुळाशीही आहे. देशातील बहुतेक भाषांत हे दोन शब्द पोहोचले आहेत. शासकीय कागदपत्रांत तर त्यांच्यावाचून पान हलत नाही. म्हणून त्यांची थोडी चौकशी करणे उपयुक्त ठरेल.

अरबस्तानातील दोन ऋतू

दोन्ही शब्द मूळचे अरबी. ‘खरीफ’ म्हणजे शरद ऋतू. ज्या धातूपासून तो आला त्याचा अर्थ फळे तोडणे, गोळा करणे असा आहे. वाळवंटी प्रदेशात फळ म्हणजे प्रामुख्याने खजूर, आणि त्याचा तोडा उन्हाळा संपता संपता होतो. म्हणजे अरबीतच हा शब्द काढणीशी बांधलेला आहे. हिब्रू भाषेत त्याचा सख्खा भाऊ ‘होरेफ’ आजही हिवाळ्यासाठी वापरला जातो. ‘रबीअ’ म्हणजे वसंत ऋतू, आणि त्याच शब्दाने पावसानंतर उगवून येणारे हिरवे गवत, चराईचा पालाही ओळखला जातो. इस्लामी पंचांगातील रबीउल अव्वल आणि रबीउल आखिर या महिन्यांच्या नावांत हाच शब्द आहे. हे पंचांग पूर्णपणे चांद्र असल्याने ते महिने आता वर्षभर फिरत राहतात, कधी ऐन पावसाळ्यात येतात, कधी थंडीत. नाव मात्र वसंताचेच राहिले.

अरबी जगातही ‘खरीफ’चा अर्थ एकसारखा राहिलेला नाही. ओमानच्या दक्षिणेकडील सलाला परिसरात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे जून ते सप्टेंबर या काळात धुके व रिमझिम पाऊस असतो, डोंगर हिरवे होतात. त्या काळालाच तेथे खरीफ म्हणतात. सुदानमध्येही खरीफ म्हणजे पावसाळा. मराठी शेतकऱ्याला खरीप म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर दिसते, ते बगदादच्या खरीफपेक्षा सलालाच्या खरीफशी अधिक जुळते, हा एक गमतीचा योग.

मराठीत ‘खरीफ’चा ‘खरीप’ झाला. परक्या शब्दातील फ-चा प करणे मराठीला नवे नाही. अरबी ‘कुफ्ल’चे आपण ‘कुलूप’ केलेच आहे. उलट ‘तोप’ या शब्दाची मात्र ‘तोफ’ केली, तेव्हा यात नियम शोधू नये हे बरे. ‘रबी’मधील ब मराठीने दुहेरी केला. त्यामुळे तो ज्यू धर्मगुरूंना लावल्या जाणाऱ्या ‘रब्बी’ या शब्दासारखाच दिसू लागला, परंतु त्या दोहोंचा परस्परांशी काहीही संबंध नाही. तो शब्द हिब्रू ‘रव’, म्हणजे गुरू, श्रेष्ठ, यावरून आलेला आहे.

शेतसाऱ्याच्या वहीतून शेतात

शरद आणि वसंत ही ऋतूंची नावे भारतात पिकांना चिकटली ती महसुली व्यवहारामुळे. फारसी ही राज्यकारभाराची भाषा होती आणि त्या भाषेत हे अरबी शब्द रुळलेले होते. सरकारी अंमलदाराच्या दृष्टीने पीक अस्तित्वात येते ते कापणीच्या वेळी, कारण त्याच वेळी सारा वसूल करता येतो. शरदात येणारे पीक ते खरीफ, वसंतात येणारे ते रबी. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’ या ग्रंथात निरनिराळ्या सुभ्यांतील आकारणीचे दर याच दोन विभागांत दिलेले आहेत. इ. स. १५८० च्या सुमारास राजा तोडरमलने जी दहसाला पद्धत बसवली, तिचाही हिशोब याच दोन सुगींवर चालत असे.

याच व्यवहारातून ‘फसल’ हा तिसरा शब्द आला. अरबीत ‘फस्ल’ म्हणजे विभाग, आणि म्हणून वर्षाचा विभाग, ऋतू. ‘फैसला’ आणि हिंदीतील ‘फासला’ हे शब्दही त्याच धातूचे. तिन्हींच्या मुळाशी वेगळे करणे हीच क्रिया आहे. हिंदीत ऋतूचा अर्थ मागे पडून फसल म्हणजे प्रत्यक्ष पीक झाले. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यामुळे हिजरी सनाप्रमाणे सारा मागितला, तर दर वर्षी मागणी ११ दिवस आधी येते आणि काही वर्षांतच ती पीक उभे असताना दारात येऊन ठेपते. शेतकऱ्याने उभ्या पिकावर कर्ज काढावे किंवा पळून जावे, एवढेच उरते. यावर उपाय म्हणून सौर गतीने चालणारा ‘फसली’ सन प्रचारात आला. उत्तरेत अकबराच्या काळी, दख्खनमध्ये शाहजहानच्या काळी. तामिळनाडूच्या महसूल खात्यात तो अद्याप चालू आहे. तेथे जुलै २०२४ ते जून २०२५ हे वर्ष फसली १४३४ होते. मराठी राज्यकारभारात वापरला जाणारा शुहूर सन याहून जुना आणि आपल्या अधिक जवळचा. सूर्य मृग नक्षत्रात शिरतो त्या दिवशी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस तो बदलत असे आणि म्हणून त्याला ‘मृगसाल’ असेही म्हणत. पेरणीच्या मुहूर्तावर सरकारी वर्ष सुरू करणारी ही व्यवस्था होती. मात्र त्या वर्षात पिकांची वर्गवारी खरीप आणि रब्बी, म्हणजे काढणीवरूनच राहिली.

पाणिनीचे दोन्ही मार्ग

पेरणीवरून नाव देण्याची रीत आपल्याकडे नव्हती असे मात्र नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सीताध्यक्षाच्या, म्हणजे शेतीखात्याच्या प्रमुखाच्या प्रकरणात पिके पूर्ववाप, मध्यवाप आणि पश्चाद्वाप अशी विभागली आहेत. वाप म्हणजे पेरणी. भात, कोद्रू, तीळ हे आधी पेरायचे. मूग, उडीद मध्ये. करडई, मसूर, कुळीथ, जव, गहू, जवस, मोहरी मागाहून. आजचा विस्तार अधिकारी ही यादी पाहून फारशी दुरुस्ती सुचवणार नाही.

पाणिनीने तर दोन्ही मार्ग मोकळे ठेवले. अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायात काळवाचक शब्दांवरून विशेषणे साधण्याचे नियम आहेत. एका नियमाने, ज्या काळात पीक पिकते त्यावरून त्याला नाव मिळते. शरदात पिकणारी साळ ती शारद. लगेच पुढच्या नियमाने, ज्या काळात ते पेरले जाते त्यावरूनही नाव देता येते. हेमंतात पेरलेले जव ते हैमंत. आणि या नियमांच्या पाठोपाठच कर्जफेडीच्या मुदतीवरून कर्जाला नाव देण्याचा नियम येतो. जवाची मळणी होऊन भुसा पडेल तेव्हा फेडायचे कर्ज ‘यवबुसक’ म्हणून ओळखले जाई. पीक, हंगाम आणि कर्ज हे तिन्ही विषय व्याकरणकाराने एका ओळीत ठेवले, यावरून त्या काळच्या गावगाड्याचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. पीककर्जाची मुदत हंगामाला बांधण्याची आजची पद्धत काही नवी नव्हे.

हेमंतावरून आलेले नाव बंगालमध्येही आहे, पण उलट अर्थाने. तेथील ‘आमन’ भात म्हणजे हेमंतात कापला जाणारा भात. ‘आउश’ हे नाव ‘आशु’, म्हणजे लवकर, यावरून. त्यात ऋतू नाही, पिकाचा कालावधी आहे. ‘बोरो’ हा भात थंडीत लावून उन्हाळ्याच्या तोंडाशी कापतात. या तिन्ही भातांना खरीप आणि रब्बी अशा दोनच कप्प्यांत बसवताना ओढाताण होते.

कन्नडची पद्धत आमच्या मते सर्वांत सुटसुटीत. ‘मुंगारू’ म्हणजे पुढचा पाऊस आणि ‘हिंगारू’ म्हणजे मागचा पाऊस. पिकाचे नाव ज्या पावसावर ते पेरले जाते त्याच्यावरून. बेळगाव भागात दोन्ही भाषांत वावरणाऱ्या शेतकऱ्याला ही विभागणी खरीप-रब्बीपेक्षा अधिक अर्थपूर्ण वाटली तर नवल नाही, कारण कोरडवाहू शेतीत पेरणीचा निर्णय ओलाव्यावर होतो, काढणीच्या ऋतूवर नव्हे. तेलंगणानेही आपल्या कृषी विभागाच्या कागदपत्रांत ‘वानाकालम’ आणि ‘यासंगी’ हे तेलुगू शब्द स्वीकारले आहेत. पहिल्यातील ‘वान’ म्हणजे पाऊस. कावेरीच्या खोऱ्यात, जेथे तंजावरच्या भोसल्यांच्या काळापासून मराठी कुटुंबे वस्ती करून आहेत, तेथे तर मुख्य पाऊस ऑक्टोबरनंतरचा. तेथील कुरुवै, सांबा आणि ताळडी हे भाताचे हंगाम अरबी शरद-वसंतात कसेही दुमडले तरी बसत नाहीत. सांबा भात ऑगस्टच्या आगेमागे पेरतात आणि तो जानेवारीच्या सुमारास घरी येतो. त्याला खरीप म्हणावे की रब्बी?

आपल्याकडची तूर याच जातीचा प्रश्न विचारते. मृगाच्या पावसावर पेरलेली मध्यम व उशिरा पक्व होणारी तूर डिसेंबर-जानेवारीत निघते, तरी ती खरीप. येथे शब्दाचा अर्थ पूर्णपणे पालटलेला दिसतो. काढणीसाठी जन्मलेला शब्द मराठी शेतकऱ्याच्या तोंडी पेरणीचा शब्द झाला आहे.

उन्हाळ कांदा आणि उन्हाळी भुईमूग

राजस्थान-गुजरात सीमेवरचा गोंधळ मराठीच्या अंगणातही आहे, तो कांद्याच्या बाबतीत. डिसेंबर-जानेवारीत पुनर्लागवड होऊन मार्चअखेर ते मे या काळात निघणारा कांदा कृषी विद्यापीठांच्या शिफारशींत ‘रब्बी कांदा’ असतो. तोच माल लासलगावच्या बाजारात उतरला की ‘उन्हाळ कांदा’ होतो. व्यापाऱ्याचे नाव काढणीवरून, अगदी राजस्थानी उनाळूप्रमाणे. ‘उन्हाळी भुईमूग’ म्हणताना मात्र आपण जानेवारी-फेब्रुवारीत पेरलेल्या, उन्हाळ्यात वाढणाऱ्या पिकाविषयी बोलतो. खरीप कांद्याला बाजारात ‘पोळ’ किंवा ‘लाल’, आणि त्यानंतर येणाऱ्या उशिराच्या खरीप कांद्याला ‘रांगडा’ म्हणतात. रांगड्याचा मालही पुष्कळदा लाल म्हणूनच विकला जातो.

शब्दांचा हा घोटाळा बियाण्यापर्यंत पोहोचला तर त्याची किंमत मोजावी लागते. कांद्याचा गड्डा धरणे हे दिवसाची लांबी आणि तापमान यांवर अवलंबून असते. बसवंत ७८०, अ‍ॅग्रीफाउंड डार्क रेड किंवा भीमा डार्क रेड यांसारखे वाण खरिपासाठी शिफारस केलेले आहेत; एन-२-४-१, अ‍ॅग्रीफाउंड लाइट रेड, भीमा शक्ती, भीमा किरण हे रब्बीसाठी. खरिपाचा वाण रब्बीत लावला तर डेंगळे आणि जोडकांदे वाढतात आणि मुख्य म्हणजे तो माल चाळीत टिकत नाही. रब्बीचा चांगला कांदा चार-पाच महिने साठवता येतो, खरिपाचा लगेच विकावा लागतो. परराज्यातून बियाणे मागवणाऱ्या शेतकऱ्याने ‘उन्हाळ्याचे बी द्या’ असे सांगणे आणि विक्रेत्याने त्याच्या भाषेतील उन्हाळ्याचा अर्थ लावणे, यात दोघांचाही प्रामाणिकपणा शाबूत राहून हंगाम वाया जाऊ शकतो. बियाणे घेताना वाणाचे नाव आणि पुनर्लागवडीचा महिना सांगावा, ऋतूचे नाव सांगू नये.

हमीभावाचे वर्ष कोणते?

काढणीचा मूळ अर्थ एका ठिकाणी अद्याप जिवंत आहे आणि तेथे तो नेमका अडचण करतो. केंद्र शासन किमान आधारभूत किमती जाहीर करते त्या ‘खरीप विपणन हंगाम’ आणि ‘रब्बी विपणन हंगाम’ यांसाठी. खरीप विपणन हंगाम ऑक्टोबरपासून, रब्बी विपणन हंगाम एप्रिलपासून धरला जातो. म्हणजे शरद आणि वसंत, अबुल फजलच्या अर्थाने.

कृषी वर्ष मात्र जुलै ते जून असे मोजतात. जून-जुलै २०२४ मध्ये पेरलेले सोयाबीन किंवा भात २०२४-२५ या कृषी वर्षाचे आणि त्याचा विपणन हंगामही २०२४-२५. तेथे प्रश्न येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पेरलेला गहू त्याच २०२४-२५ या कृषी वर्षातला, पण तो बाजारात येणार एप्रिल २०२५ नंतर, म्हणून त्याचा विपणन हंगाम २०२५-२६. या हंगामासाठी गव्हाची आधारभूत किंमत क्विंटलला २,४२५ रुपये जाहीर झाली होती. ज्याने ‘रब्बी २०२४-२५’ एवढेच पाहून तक्ता वाचला असेल त्याला २,२७५ रुपये दिसतील, आणि तो आकडा आदल्या वर्षी पेरलेल्या गव्हाचा आहे. क्विंटलमागे १५० रुपयांचा फरक केवळ शीर्षकातून पडतो. पिकांचे अर्थशास्त्र मांडताना, जमाखर्चाचे तक्ते करताना ही चूक सहज घडते, कारण तक्ता स्वतः बरोबरच असतो.

पीकविम्यात हे शब्द थेट रकमेशी जोडलेले आहेत. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत अन्नधान्य व गळीत धान्य पिकांसाठी शेतकऱ्याच्या हिश्शाची कमाल मर्यादा खरिपात विमा संरक्षित रकमेच्या २ टक्के, रब्बीत १.५ टक्के आहे. वार्षिक नगदी व बागायती पिकांसाठी ५ टक्के. महाराष्ट्रात उन्हाळी भात आणि उन्हाळी भुईमूग रब्बीच्या यादीत येतात, परंतु त्यांची सहभागाची मुदत गहू-हरभऱ्याच्या बरीच नंतर असते. ‘रब्बीची मुदत संपली’ असे ऐकून उन्हाळी भुईमुगाचा शेतकरी घरी बसला, तर त्याला दोष देता येणार नाही.

आकडेवारीतही अलीकडे एक बदल झाला आहे. उन्हाळी पिकांचे उत्पादन पूर्वी रब्बीत मिळवले जात असे. २०२३-२४ पासून केंद्राच्या पीक अंदाजांत उन्हाळी हंगाम रब्बीपासून वेगळा दाखवला जातो. त्यामुळे आधीच्या वर्षांच्या रब्बी आकड्यांशी नव्या आकड्यांची सरळ तुलना केली, तर विशेषतः भाताच्या बाबतीत घट झाल्याचा भास होतो. अहवाल लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. उत्तरेत या तिसऱ्या हंगामाला ‘जायद’ म्हणतात. हाही अरबी शब्द. अर्थ अधिकचा, वरचा. मराठीतील ‘जादा’ त्याच धातूचा.

खरीप आणि रब्बी हे शब्द टाकून द्यावेत असे सुचवण्याचा हेतू नाही. कर्ज, विमा, हमीभाव, सातबाऱ्यावरील पीकनोंद या सर्वांत ते इतके मुरले आहेत की तसे करणे शक्यही नाही. सल्ला-पत्रकांत मात्र हंगामाच्या नावाशेजारी पेरणी आणि काढणी दोन्हींचे महिने द्यावेत, आणि भाषांतर करताना सियाळू, उनाळू, आमन, हिंगारू यांच्या जागी कोशातील पहिला अर्थ न घालता पिकाचे नाव पाहून शब्द निवडावा. हमीभावाच्या तक्त्यात विपणन वर्ष आणि पेरणीचे वर्ष अशी दोन रकाने ठेवली तर जागा अर्ध्या बोटाची लागते. रब्बी कांद्याच्या पत्रकाचा मथळा ‘रब्बी (उन्हाळ) कांदा : रोपवाटिका ऑक्टोबर-नोव्हेंबर, पुनर्लागवड डिसेंबर-जानेवारी, काढणी मार्चअखेर ते मे’ असा असेल, तर लासलगावचा शेतकरी आणि देवासचा शेतकरी दोघेही एकाच पिकाविषयी वाचत असतील.